चांदीनं जोडलेली तार

साहेब, दिवस चोरलेत तुम्ही. एका पोराचे आणि एका पोरीचे. परीक्षा तुम्ही घेतलीत, निकाल तुम्ही लावलात, यादी तुमच्याच शिक्क्यानं भिंतीवर चिकटवलीत आणि त्या यादीत सोमेशचं नाव अकरावं होतं. मग त्याला नेमणुकीचं पत्र द्यायला तुमचा हात दोन वर्षं का उचलला गेला नाही? तुमचं नाव ठाऊक नाही. दारावरची पाटी दर सहा महिन्यांनी बदलते. खुर्ची मात्र तीच असते, म्हणून त्या खुर्चीवर आज जो कोणी बसला असेल त्यानं ऐकायचं. घाबरू नका, मोर्चा नाही. प्रेमाची गोष्ट आहे.

श्रावणातला पाऊस कोल्हापुरात थांबून थांबून पडतो. ऊन पडलं म्हणून माणूस छत्री घरी ठेवतो आणि राजारामपुरीत पोचेपर्यंत भिजून चिंब होतो. सौंदर्याचं तेच झालं. एका दुकानातून निघून ती बसस्टॉपकडं चालली होती, सर आली तशी समोर दिसेल त्या पत्र्याखाली शिरली. छातीशी ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी घट्ट धरलेलं. पत्रा गळका होता. धार नेमकी तिच्या वेणीवर.

"आत या की. तो पत्रा गळतोय," आतून आवाज आला.

"बरं हाय हितं."

"डोक्यावर धार पडालीय, आणि म्हणं बरं हाय."

तिनं वळून बघितलं. दुकान टीव्ही दुरुस्तीचं. काउंटरमागं एक उंच, सावळा पोरगा, हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर बॅटरीचा पट्टा. तो सोमेश. गाव मुरगूड, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, सरकारी यादीत नाव आणि तुमच्या पत्राची वाट बघत बघत गुंडूमामांच्या या दुकानात काम.

"काय धरलंय एवढं? मांजराचं पिल्लू हाय काय?"

"टीव्हीचा बॉक्स हाय. मेलाय. पलीकडच्या गल्लीत दाखवला, ते म्हणालं नवा घ्या."

"मेलेल्याला एवढं जपून कोण नेतंय?"

सौंदर्याच्या ओठांवर हसू आलं होतं, ते तिनं परत पाठवलं. बॉक्स काउंटरवर ठेवला. त्यानं तो जोडला, स्वतःचा एक पिक्चर लावला. चित्र झुळझुळ चाललं.

"धडधाकट हाय की ओ."

"मग आमच्या घरात का अडकतोय? दोन सेकंद चालतोय, थांबतोय, मग एकदम पुढं उडी मारतोय."

"घरात काय दाखवता त्याला?"

"अव्वाचे हात."

सोमेशनं कपाळावरची बॅटरी विझवली. तोंडावर उजेड घेऊन अशी गोष्ट ऐकू नये, एवढं त्याला कळत होतं.

मग तिनं सांगितलं. घराणं मूळचं हुपरीचं, चांदीचे पैंजण करणारं. अप्पा आणि अव्वा, म्हणजे तिचे वडील गुरुसिद्ध आणि आई गंगव्वा, तीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात आले आणि शुक्रवार पेठेतल्या घराच्या माडीवर त्यांनी कारखाना घातला. घुंगरू अडकवायची अव्वाची रीत वेगळी होती, डाव्या अंगठ्यानं तारेला अर्धा पीळ द्यायची, साडीचा धागा म्हणून त्यात गुंतायचा नाही. अवनी नावाची एक कॉलेजची मुलगी अभ्यासासाठी म्हणून मोठा कॅमेरा घेऊन आली आणि चार दिवस नुसते ते हात टिपत बसली. त्यानंतर सात महिन्यांनी अव्वा गेली. अवनीनं सगळं चित्रण, एक तुकडा न कापता, डिस्कवर आणून दिलं.

"मोबाईलवर बारीक केलेलं बघितलं. त्यात बोटं म्हणजे नुसता धूर. अप्पांना नीट बघायचंय. आणि टीव्हीवर लावलं की बरोबर अंगठा वळायला लागला की अडकतंय. पुढं जातंय तवर कडी बसलेली असते. मधलं दिसतच न्हाय."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज खाली गेला. सोमेशनं तिच्या बोटांकडं बघितलं. टोकांना भाजल्याचे बारके पांढरे डाग होते. तीही तेच काम करत होती तर.

"मोठ्या कॅमेऱ्याचं चित्रण म्हणजे एका सेकंदात माल लई येतो," तो म्हणाला. "टीव्ही चांगला, बॉक्स चांगला, डिस्क चांगली. मधीच कुठंतरी वाट बारीक हाय."

"तार ओढायच्या पट्टीसारखं? जाड तार बारीक भोकातनं ओढली की अडते."

"तसंच. बारीक भोक कुठं हाय ते घरी येऊन बघाय पाहिजे."

"कवा येताय?"

"आत्ता यायचं म्हटलं तर बरं दिसंल का?"

"न्हाय दिसणार," ती म्हणाली. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शुक्रवार पेठेत हजर. दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, खाली टीव्ही, माडीवर कारखाना. व्यापाऱ्यांचे नमुने बघायला घेतलेला कॉम्प्युटर माडीवर, डिस्क त्याला जोडलेली आणि तिथून एक वायर भिंतीच्या कडेनं जिन्यावरून खाली बॉक्सपर्यंत. डिस्क सरळ बॉक्सलाच लावून बघितली. बॉक्सनं ती ओळखली नाही, अवनीच्या कॉम्प्युटरची भाषा निराळी होती.

मग सुरू झाला तो खेळ. सोमेश माडीवर, सौंदर्या खाली टीव्हीपुढं आणि जिन्यातून आरडाओरडा.

"चाललं?"

"चालालंय... चालालंय... थांबलं."

"आता?"

"हात वर गेला... अडकला."

"कुणाचा?"

"अव्वाचा. तुमचा कुठं जातोय?"

माडीवर अप्पा भिंग डोळ्याला लावून फुरफुरत्या बत्तीच्या ज्योतीवर कडी झाळत बसले होते. त्यांनी भिंग काढलं, सोमेशकडं बघितलं, पुन्हा लावलं.

आधी माल भरून ठेवायची सोय असते, ती त्यानं वाढवली. चाळीस सेकंद चित्र पाण्यासारखं वाहिलं, साठा संपला तसं पुन्हा अडकलं. वायर सोडून हवेतून पाठवून बघितलं, दगडी भिंतीनं ते गिळलं. बॉक्समधल्या सगळ्या खटपटी केल्या. वायरची टोकं नवी बसवली. चार दिवस तो येत होता. सौंदर्या चहा ठेवायची, आणि कप देताना विचारायची, "आज सापडंल का भोक, का उद्या परत येताय?" तो म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं." ती म्हणायची, "मी काय म्हणू? वायर तुमची, भोक तुमचं." आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवायची.

पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. कॉम्प्युटर सांगत होता, वायरीतून सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर माल जात नाही. नवी टोकं, चांगली वायर, हजार जायला हवं. तो भिंत चाचपत जिना उतरला. वरून दुसऱ्या पायरीशी, खुंटीमागं एक चुन्याची जुनी डबी ठोकलेली. उघडली.

"सौंदर्या," त्यानं हाक मारली. पहिल्यांदा नावानं.

ती धावत आली. डबीत वायर कापून पुन्हा जोडलेली होती. आत आठ तारा असतात, त्यातल्या चारच पुढं गेल्या होत्या, एकेक जोड झाळून, घासून, झिलई दिलेला. पैंजणाची कडी असावी तसा. पांढरा शुभ्र.

"ही चांदी हाय," सोमेश म्हणाला. "इंटरनेटची वायर कुणी चांदीनं जोडतं?"

"तांब्यात तांबं काय धरतंय, पावणं?" वरून अप्पांचा आवाज आला. ते पायरीवर येऊन उभे होते. "वायर एका जागी कुरतडली होती उंदरानं. वायरमन म्हणाला, नेटला चार तारा पुरं. मग उरलेल्या चार उपाशी कशाला ठेवू? त्या घंटीला दिल्या."

"कसली घंटी?"

सौंदर्यानं सांगितलं. माडीवर बत्तीचा आवाज असायचा, जेवायला हाक मारली तरी अप्पांना ऐकू जायची नाही. अव्वा जिना चढून दमायची. म्हणून अप्पांनी उरलेल्या तारांवर खालून वर घंटी जोडून दिली. स्वयंपाकघरात बटण. अव्वा दाबायची, अप्पा हात धुवायचे.

"जोडताना ती तारेची कड धरून उभी होती," अप्पा म्हणाले. "हात हलवू नको म्हटलं तर हसाय लागली. त्या तिसऱ्या जोडाला बघा, जरा वाकडा हाय. ती हसली तवाचा."

सोमेशनं बघितलं. तिसरा जोड खरंच वाकडा होता.

"अप्पा, चार तारांवर शंभरच जातंय. अव्वांचे हात एकशेचाळीस मागतात. आठी तारा एक केल्या तर आत्ता चालंल. पण मग घंटी जाणार."

"तो जोड तोडायचा न्हाय."

"मग चित्र अडकणार."

"अडकू दे," अप्पा म्हणाले आणि वर गेले. बत्ती पेटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कडी ठोकल्याचा आवाज आला नाही.

सौंदर्या पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "ह्या माणसाला काय म्हणावं? अव्वाला बघायचंय, आणि अव्वाचीच घंटी मधी ठेवायचीय. आता ती कोण दाबतंय?"

"तुम्ही दाबता का?"

"एकदा दाबली. अप्पा हात धुऊन खाली आले... मला बघून परत वर गेले. मग परत न्हाय दाबली."

सोमेश तिच्या दोन पायऱ्या खाली बसला. हात लावावा असं त्याला फार वाटलं. त्यानं चुन्याच्या डबीचं झाकण लावलं, हळूच, डबीत काही झोपलंय असं.

"जोड न्हाय तोडायचा," तो म्हणाला. "दुसरी वायर टाकू. ही आहे तशी राहू दे."

दुसरी वायर टाकायची म्हणजे दोन फूट दगडात भोक पाडायचं. ते काम त्यानं स्वतः केलं. दुकान आटपून यायचा, तासभर दगड फोडायचा, केसात पांढरी धूळ घेऊन चहा प्यायचा. त्याला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी नवी वायर लागली.

अप्पा टीव्हीपुढं बसले. सौंदर्या त्यांच्या मागं उभी. सोमेशनं माडीवरून विचारलंही नाही, चाललं का म्हणून. तो खाली येऊन दारात उभा राहिला.

गंगव्वाचे हात भिंतीएवढे मोठे झाले होते. नखातली काजळी दिसत होती, मनगटावरची शीर दिसत होती. उजव्या हातानं घुंगरू उचललं, तार ओवली आणि डावा अंगठा वळायला लागला. सौंदर्यानं श्वास धरला. अंगठा अर्धा वळला, मागं आला, मग पुढं गेला. कडी बसली. कुठंही थांबलं नाही.

"मागं येतोय," अप्पा म्हणाले. "बघितलंस पोरी? अंगठा आधी मागं येतोय. तीस वर्षं शेजारी बसलो, मला न्हाय दिसलं."

त्यांचे खांदे हलत होते. सौंदर्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांच्या डोक्यावरून सोमेशकडं बघितलं. ते बघणं तो जन्मात विसरला नाही.

परसात हात धुताना ती टॉवेल घेऊन आली.

"एक सांगायचंय," सोमेश म्हणाला. "रागावणार न्हाय म्हणा."

"ते ऐकून ठरवतो मी."

"वायरची गरजच नव्हती. डिस्कवरचा सगळा माल दुसऱ्या डिस्कवर आपल्या बॉक्सच्या भाषेत उतरवून घेतला असता, आणि बॉक्सला लावला असता, तर दुसऱ्याच दिवशी चाललं असतं."

सौंदर्यानं टॉवेल मागं घेतला. "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

"आणि अकरा दिवस आमची भिंत फोडली?"

"व्हय."

"लाज न्हाय वाटली?"

"रोज वाटायची. मग तुम्ही चहा आणायचा."

तिनं टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला. तो तसाच तोंडावर धरून उभा राहिला, काढायचं धाडस होईना. टॉवेलपलीकडून आवाज आला, "आता नवीन काय बिघडवायचं, ते तरी सांगून जावा... म्हणजे चहापत्ती आणून ठेवतो मी."

साहेब, इथपर्यंत तुमची गरज कुणाला पडली नव्हती.

गणपती गेले, नवरात्र गेलं. अहो-जाहो गळून पडलं. पंचगंगेच्या घाटावर पूर ओसरल्यावरचा चिखल वाळत होता, तिथल्या पायऱ्यांवर ती दोघं बसायची. सोमेश खिशातून यादीचा चुरगळलेला कागद काढून दाखवायचा. अकरा नंबरवर पेनानं खूण केलेली. दर सोमवारी तो तुमच्या कार्यालयात जायचा. तिसरा मजला, डावीकडची खिडकी. खिडकीतलं उत्तर पाठ झालं होतं, "वरून काही आलं नाही." सौंदर्या नक्कल करायची, डोळे अर्धे मिटून, पान खाल्ल्यासारखं तोंड वर करून. दोघं हसायची. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

दिवाळीनंतर आक्कानं विषय काढला. आक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. संकेश्वरचं स्थळ, शिवशरण नाव, बियाण्यांचं दुकान, पोरगा शांत. सौंदर्यानं त्याच दिवशी अप्पांना सोमेशचं सांगितलं. लपवलं नाही, रडलीही नाही.

अप्पांनी सोमेशला बोलावून घेतलं.

"जात एक, मठ एक, पोरगा कष्टाळू. मला तुझ्यात खोट काढायची न्हाय," ते म्हणाले. "पण आक्काला काय सांगू? परवा म्हणाली, टीव्हीच्या दुकानात बसणारा हाय. मी म्हणालो, न्हाय, सरकारी नोकरी लागलीय. कागद कुठं हाय म्हणाली. आता तूच सांग, कागद कुठं हाय?"

"येणार हाय, अप्पा. निकाल लागलाय."

"नोव्हेंबर संपेपर्यंत थांबतो. तीस तारखेला संकेश्वरची माणसं येणार हायत. त्याच्या आधी कागद घेऊन ये. कागद दिसला की आक्काचं तोंड मी बंद करतो."

यात अप्पांचं चुकलं. जो माणूस तांब्याच्या वायरीला चांदी लावतो, त्यानं पोराची पारख शिक्क्यावर सोडली. पण ती सवय त्यांना कुणी लावली, साहेब? दहा वर्षं पोरं घासून परीक्षा देतात आणि अख्खा जिल्हा पोरगी देताना कागद मागतो, हा बाजार कुणी मांडला?

एकवीस नोव्हेंबर. सोमवार नव्हता, तरी सोमेश गेला. सकाळी साडेअकराला तुमच्या तिसऱ्या मजल्यावर उभा होता. खिडकीतल्या माणसाला त्यानं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तीस तारखेचं सांगितलं, संकेश्वरचं सांगितलं, हात जोडले. उत्तर तेच आलं. "वरून काही आलं नाही."

दुपारी सौंदर्या दुकानात आली. त्याच पत्र्याखाली उभी राहिली, आत आली नाही.

"काय म्हणालं?"

त्यानं नुसती मान हलवली. आज नक्कल कुणी केली नाही.

"मग असं कर," ती म्हणाली, "तू ये. कागदाशिवाय ये. अप्पांपुढं बस आणि म्हण, मी टीव्ही दुरुस्त करतो, पोरगी द्या. अप्पा ओरडतील, आक्का चार दिवस जेवणार न्हाय. मी हाय की तिथं. मी बोलतो तुझ्या बाजूनं."

"मोकळ्या हातानं?"

"तुझं हात मोकळं कधी बघितलं न्हाईत मी. दगड फोडलास की."

"सौंदर्या, अप्पांनी आक्काला शब्द दिलाय. मी कागद नसताना आलो तर आक्का म्हणणार, भावाला फसवलं पोरानं. तुझ्या अप्पांची मान खाली जाईल." तो काउंटरवरचे स्क्रू एका ओळीत लावत होता. "आठ दिवस थांब. आठ दिवसांत काहीतरी येईल."

"आणि न्हाय आलं तर?"

"येईल."

"न्हाय आलं तर तू येणार का? एवढंच सांग."

त्यानं स्क्रूंची ओळ मोडली आणि पुन्हा लावायला घेतली. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं पुढं सांगितलं, पण उपयोग संपल्यावर. मुरगूडला बाप म्हणाला होता, नोकरी लागल्याचे पेढे वाटून दोन वर्षं झाली, आता लोक तोंडावर हसतात. त्याला आणखी एका घरात हसं करून घ्यायचं नव्हतं. त्याला वाटलं, आठ दिवसांचाच प्रश्न आहे. भिंत फोडताना अकरा दिवस त्यानं मजेत लांबवले होते. थांबणं त्याला त्या घरात गोड लागलं होतं. तिथंच तो फसला.

"मी थांबतो," सौंदर्या म्हणाली. "आठ दिवस."

एकोणतीस तारखेला तिनं चार वाजता चहाचं आधण ठेवलं. सहा वाजता उतरवलं. सात वाजता त्याचा फोन आला.

"अजून न्हाय आलं गं. परत जाऊन आलो. ते म्हणालं..."

"ठाऊक हाय काय म्हणालं," ती म्हणाली. "सोमेश, मी कागदाची वाट बघत नव्हतो."

मग तिनंच फोन ठेवला. अप्पा जिन्यात उभे होते. त्यांनी विचारलं, "येतोय का पोरगा?" ती म्हणाली, "न्हाय." तीस तारखेला संकेश्वरची माणसं आली आणि सौंदर्यानं मान हलवली. कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. तिनं स्वतः हलवली, कारण ज्याच्यासाठी आडवी हलवायची तो आलाच नव्हता.

बारा डिसेंबरला लग्न झालं.

शिवशरण वाईट माणूस नाही. तिच्या बोटांचे डाग बघून त्यानं विचारलं, दुखतात का. ती नाही म्हणाली. त्यानं घराच्या मागच्या खोलीत तिच्या कामासाठी पाट आणि दिवा मांडून दिला. एखाद्यावर रागवायचं म्हटलं तर त्याच्यावर रागवताही येत नाही, ही तिची आणखी एक पंचाईत.

संक्रांतीला ती माहेरी आली. दुपारची वेळ. अप्पा टीव्हीपुढं बसलेले, गंगव्वाचे हात चाललेले, कुठंही न अडता. सौंदर्या त्यांच्याशेजारी बसली. अप्पांनी तिळगूळ दिला, संकेश्वरची चौकशी केली, थंडीचं विचारलं. मग टीव्हीकडं बघतच म्हणाले,

"पोरगा येऊन गेला."

तिनं विचारलं नाही कोण.

"आठ दिवस झाले. कागद घेऊन आलता. नोकरीचा. म्हणाला, अप्पा, तुम्ही म्हणालता आणून दाखव, म्हणून आणला. पाया पडला. मी कागद हातात घेतला." अप्पांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी भिंग लावून बघितलं, पोरी. पाकिटावर पोस्टाचा शिक्का पाच जानेवारीचा हाय. आत साहेबाची सही हाय, सहीखाली तारीख हाय. दोनदा वाचली. वीस नोव्हेंबर."

सौंदर्यानं बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. एकवीस तारखेला ती स्वतः त्या पत्र्याखाली उभी होती.

"त्याला बोललास काय तू?" तिनं विचारलं.

"काय बोलू? बस म्हणालो. चहा घे म्हणालो. न्हाय बसला. जाताना जिन्याकडं बघितलं त्यानं, आणि गेला. चिपळूणकडं कुठं तरी टाकलंय त्याला."

टीव्हीवर अव्वाचा अंगठा मागं आला, वळला, पुढं गेला. कडी बसली. सौंदर्या उठली, अप्पांच्या हातातला रिमोट घेतला, पण बंद करायचं काही तिला जमलं नाही. तो तसाच हातात धरून ती उभी राहिली. चारच्या बसनं तिला परत जायचं होतं. शिवशरण स्टँडवर घ्यायला येणार होता.

तर साहेब, चूक सोमेशची आहे. तो आला नाही. ती चूक तो चिपळूणला एकटा बसून भोगतोय. चूक अप्पांची आहे, त्यांनी कागद मागितला, आणि आता ते भिंग घेऊन काम करताना मधेच थांबतात. सौंदर्याचीही असेल. आणखी एक फोन करायला हवा होता असं ती स्वतःच म्हणते. तिघांनी आपापली चूक पदरात घेतली आहे. तुमची अजून तुमच्या टेबलावर पडून आहे.

वीस नोव्हेंबरला सही झाली. एकवीसला एक पोरगा तुमच्या खिडकीपुढं हात जोडून उभा होता, आणि ते पत्र त्याच्यापासून दहा पावलांवर, आत कपाटात नाहीतर कुणाच्या तरी ट्रेमध्ये होतं. तिथून ते उठून पोस्टात पडायला सेहेचाळीस दिवस लागले. ते सेहेचाळीस दिवस पत्र कुठं होतं? आणि सही झालेली असताना त्याला "वरून काही आलं नाही" असं सांगणारा तो माणूस कोण, आणि न बघताच तसं सांगायची मुभा त्याला कुणी दिली? चौकशी करतो म्हणू नका. समिती नेमू नका. नाव सांगा.